रामा तांडेलाच्या गळ्यातली होडी

सोनूबाई नुसते मासे विकत नाही, वर गिऱ्हाइकाला दोन शब्द ऐकवते. रामआळीच्या एका तोंडाशी तिची टोपली असते आणि दुसऱ्या तोंडाशी तिचा आवाज. एखाद्या मास्तरांनी बांगडा दाबून बघितला की ती विचारते, "नाडी बघताय काय त्याची? मेलाय तो, मी सांगतेय ना!" मास्तर ओशाळतात आणि ठरवून आले होते त्यापेक्षा जास्त बांगडे घेऊन जातात. ही बाई कधी रडेल असं आळीत कुणाला वाटलं नव्हतं. जुलैच्या अखेरीस ती मितेश सोनाराच्या पायरीवर बसून रडली. रडलीही मोठ्याने, कारण हळू आवाजात करायची कुठलीच गोष्ट तिला येत नाही.

कारण होता तिचा नवरा रामा. हा उभ्या जन्माचा तांडेल. 'नवलाई' होडीच्या सुकाणूशी तो उभा राहिला की खलाशी शिंकायचे ते त्याला विचारून. ती होडी केव्हाच मोडीत निघाली, तिच्या फळ्या कुणाच्या तरी न्हाणीच्या चुलीत गेल्या. त्यानंतर रामाच्या डोक्याच्याही एकेक फळ्या निखळायला लागल्या. आधी वार गेले, मग नातवंडांची नावं, मग घरची वाट. होडी तेवढी राहिली. सकाळी उठला की "नवलाई कुठं लागलीय?" म्हणत तो मिऱ्यावरच्या घरातून चालू लागायचा. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून ठेवलेल्या असतात. त्यातल्याच एकीत, ताडपत्रीखाली, तो बसलेला सापडायचा. पण ऑगस्ट लागला की बंदी उठणार होती. जेटीवर बाहेरगावचे खलाशी, बर्फाचे ट्रक, आरडाओरडा. त्या गर्दीत हा कुठल्या होडीत चढेल, कुठल्या ट्रकात बसेल, आणि हा म्हातारा कुणाचा हे कोण ओळखेल?

उपाय झाले नव्हते असं नाही. खिशात पत्ता लिहिलेलं कार्ड ठेवलं, त्याने त्यावर तंबाखू मळली. सदऱ्याच्या कॉलरवर फोन नंबर लिहिला, तर हा सदरा न घालताच बाहेर पडू लागला. मुलाने, संदेशने, मुंबईहून माणूस कुठे आहे ते मोबाइलवर दाखवणारं घड्याळ पाठवलं. मग एके दिवशी त्याचा कौतुकाचा फोन आला, "आई, बाबा आज किती वेळा डोंगर चढले-उतरले! तब्येत झकास हाय!" बाबा पडवीत घोरत होते. डोंगर चढली होती शेजारच्या ऋतिकाची शेळी.

एकच वस्तू रामा अंगावरून काढत नव्हता. पहिल्यांदा समुद्रावर गेला तेव्हा आईने गळ्यात बांधलेला काळा दोरा. तो झिजला की नवा बांधायचा, पण गळा मोकळा ठेवायचा नाही. त्या दोऱ्यातच चांदीचं पेंडल ओवायचं, त्यावर नाव आणि नंबर ठोकून घ्यायचा, असं सोनूबाईच्या मनाने घेतलं.

मितेश हा सोनाराचा मुलगा. वडील दागिने घडवायचे, हा मागवून द्यायचा. वडिलांच्या भट्टीवर त्याने प्लास्टिकच्या फुलांची कुंडी ठेवली होती.

"सोनूकाकी, कोल्हापूरवरून मागवून देतो की. दहा-बारा दिवसांत येईल."

"तवर माझा नवरा कोल्हापूरला पोचंल. कुंडी उचल."

तिने पदराची गाठ सोडली. आतून निघालं तुटकं पैंजण आणि संदेशच्या बाळपणीचं एक वाळं.

"बदामाचा आकार देऊ? कॉलेजच्या पोरी तोच घेतात," मितेशने विचारलं.

"हा काय कॉलेजात चाललाय? चौकोन कर, गप."

मितेशने भट्टी पेटवली. मुशीत आधी पैंजण टाकलं, वर टाकणखाराची चिमूट सोडली. फुंकून फुंकून त्याचे गाल गणपतीच्या उंदरासारखे फुगले. चांदी वितळून पाऱ्यासारखी डोलायला लागली तेव्हा वडिलांचं ऋण फेडल्याचा भाव त्याच्या चेहऱ्यावर आला. साच्यात ओतलेली पट्टी निवली, तो ऐरणीवर घेऊन ठोकायला लागला, आणि पट्टी मधोमध तडकली. पुन्हा वितळवली, पुन्हा तडकली.

"पैंजणात डाग दिलेलं पितळच जास्त हाय, काकी. जोडकाम करून करून चांदी राहिलीच नाय. नुसत्या वाळ्यात पेंडल होत नाय."

तेव्हा ती पायरीवर बसून रडली. रडून झाल्यावर तिथेच पाय पुढे घेतला आणि साबण लावल्यासारखं थुंकी लावून बोटातली जोडवी ओढायला लागली.

मितेश घाबरला. "ओ काकी! सवाष्ण बाईची जोडवी मी मुशीत घालणार नाय. बाबा वरून बघतायत."

"बघू देत. त्यांनीच घडवली माझ्या लग्नात. यात भेसळ नाय, म्हणालेले. खोटं बोललेले काय?"

"तसं नाय, पण लोक काय म्हणतील..."

"नवराच हरवला तर जोडवी घालून कुणाला मिरवू रे? तुला?"

मितेशने जोडवी घेतली आणि वाळ्याबरोबर मुशीत टाकली. पट्टी या खेपेला लोण्यासारखी पसरली. त्याने चौकोन कापला, कानशीने कडा घासल्या, आमसुलाच्या पाण्यात उकळून तो पांढरा केला. मग बिस्किटांच्या डब्यातून वडिलांचे पोलादी ठसे काढले. एकेक अक्षर उभं धरायचं आणि हातोडीचा एकच घाव घालायचा. दुसरा घातला की अक्षर दुहेरी होतं.

"नाव सांगा. रामा..."

"थांब!" सोनूबाई ओरडली. आळीतली दोन कुत्री उठून उभी राहिली. "त्याचं नाव नको. म्हणंल, माझं नाव मला काय सांगता, आणि देईल भिरकावून. 'नवलाई' ठोक. होडीचं नाव तो टाकणार नाय. खाली माझा नंबर."

आकड्यांत नऊचा ठसा सापडेना. मितेशने सहाचा उलटा धरला.

"माझा नंबर उलटा करतोस? फोन लागंल कुणाला?"

"सहा उलटा केला की नऊच होतो, काकी."

प्रत्येक घावाला ती डोळे मिटत होती. पेंडल हातात आल्यावर तिने आकडे तीनदा तपासले आणि मगच श्वास सोडला.

रामाने पेंडल हातात घेतलं, अक्षरांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "सापडली काय गो?" मग स्वतःच मान पुढे केली. त्यानंतर ते त्याच्या गळ्यातून निघालं नाही. सोनूबाईचे उघडे पाय बघून बाजारात कुजबुज व्हायची. ती आवाज चढवून बांगडे, नाही तर सुकट, जे असेल ते खपवायची.

बंदी उठली त्याच सकाळी रामा नाहीसा झाला.

तिने जेटी पालथी घातली. निघालेल्या प्रत्येक होडीकडे बघून हाका मारल्या. तो जगप्रसिद्ध आवाज इंजिनांच्या धडधडाटात कुणाला ऐकू गेला नाही. दुपारपर्यंत आवाजच बसला, नुसतं घोगरं काहीतरी घशातून यायला लागलं. होड्या क्षितिजापार गेल्या. ती बर्फाच्या रिकाम्या खोक्यावर बसून हातातल्या फोनकडे बघत राहिली. शेवटी फोन वाजला.

"हॅलो, नवलाई होडी तुमचीच काय हो?" एका बाईचा आवाज. "तुमची होडी संगमेश्वरला एसटी स्टँडवर आलेय."

फोन करणारी दीपाली स्टँडसमोर चहाची टपरी चालवायची. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट आहे, त्यामुळे होडी तिकिटाशिवाय आली होती आणि उतरल्यापासून भरती कधी म्हणून प्रत्येकाला विचारत होती.

सोनूबाई पोचली तेव्हा रामा बाकावर बसून बशीतून चहा पीत होता. ती समोर जाऊन उभी राहिली. त्याने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. नजर पायांच्या बोटांवर थांबली.

"जोडवी नाय तुझ्या पायात," तो हळहळून म्हणाला. "नवरा नाय काय गो तुला?"

"हाय." तिच्या बसलेल्या घशातून कसाबसा शब्द आला. "जरा बाहेर गेलाय."

"येईल, येईल. काळजी नको करू." मग त्याने गळ्यातलं पेंडल पुढे केलं. "माझं एक काम कर. या नंबरावर फोन लाव. माझी बायको येईल मला न्यायला. आवाज मोठा हाय तिचा, घाबरू नको."

सोनूबाईने दीपालीकडे हात पसरला. दीपालीने आपला फोन दिला. सोनूबाईने पेंडलावर बघत एकेक आकडा दाबला, फोन रामाच्या कानाला लावला आणि पाठ फिरवून चार पावलं दूर गेली. तिच्या पिशवीत फोन वाजला.

"हॅलो," ती जमेल तेवढ्या मोठ्याने म्हणाली.

"सोने!" रामा बाकावर सरसावून बसला. "किती वेळ गो? मी हितं बसलोय. ये बघू लवकर."

"आले," ती म्हणाली, आणि डोळे पुसून वळली.