सुमनबाईंची हिंगाची डबी

१९९४ साल. मला अडुसष्टावं लागलं होतं. शेजारची भागी पालघरच्या बाजारात मासळी विकून दुपारी परत आली, डोक्यावरची टोपली उतरवली आणि घरात न जाता माझ्यासमोर उभी राहिली. म्हणाली, "दादा, तुमच्या सुमनबाई गेल्या." छातीत दुखायला लागलं आणि तासाभरात सगळं आटोपलं, असं तिला बाजारात कळलं होतं. मी ओटीवर जाळं विणत होतो. हातातली सुई चालूच ठेवली. खरं सांगतो, पहिल्यांदा मला बाईंचा चेहरा आठवला नाही. त्यांनी मला विचारलेला आणि मी टाळलेला एक प्रश्न आठवला.

त्याआधी दीड महिन्याची गोष्ट. बोईसर स्टेशनच्या बाहेर बाई अचानक भेटल्या. माझ्याबरोबर माझी नात हिरू होती आणि तिच्या कडेवर तिची चौदा महिन्यांची सोनी. बाईंनी सोनीला घेतलं, पापा घेतला, तिच्या मानेमागे चुटकी वाजवून पाहिली. त्या गोंगाटात काय कळणार... हिरू ओठांवरून बोलणं ओळखते, म्हणून बाई तिच्याकडे पाठ करून मला हळूच म्हणाल्या, "काका, हिच्यामागे डबी वाजवून बघितलीत?" मी म्हटलं, पोर हसतेय, खेळतेय, बघायचं काय? "हिरूपण हसायचीच," बाई म्हणाल्या. मी म्हटलं, बघू. त्यांच्याशी माझं शेवटचं बोलणं ते एवढंच.

मी दुसरीपर्यंत शिकलेला माणूस. हे सगळं माझ्या हातानं लिहिलंय. पेपरवाल्यांनी काने-मात्रे सुधारावेत, पण माझे शब्द बदलू नयेत.

अठ्ठ्याहत्तर साली बाई आमच्या नवापूरच्या शाळेत आल्या. हिरू तेव्हा सात वर्षांची, दुसरीत. आधीच्या मास्तरांनी तिला मठ्ठ ठरवून शेवटच्या ओळीत भिंतीला टेकवून ठेवलेलं. मला त्याचा राग यायचा, कारण घरात हिरूएवढं हुशार कोणी नव्हतं. आमचं गाव समुद्रावरचं. वारा असा की हाक दोन वावांवर विरते. म्हणून आम्ही माणसं हातांनी बोलतो. होडी लांब असतानाच तांडेल हात उचलून सांगतो, जाळ्याला काय लागलं, किनाऱ्यावर किती टोपल्या हव्यात, बर्फ आणायचा की नाही. ती खूण बायकांच्याही आधी हिरूला कळायची. मी गावभर सांगत फिरायचो, माझ्या नातीची नजर घारीची हाय म्हणून. घारीची नजर तिला कशानं आली, हे दुसऱ्या गावात एखाद्यानं विचारलं असतं. आमच्यात सगळेच हातांनी बोलणारे, कोणाला संशय येणार?

बाईंना महिन्याभरात आला. त्या घरी आल्या तेव्हा खांद्याला कापडी पिशवी होती. पिशवीत एक वही, शिंपले भरलेला मोठा डबा आणि हिंगाची पत्र्याची छोटी डबी, तिच्यात तांदळाचे दाणे, दोन्ही पोरांच्या मागे वाजवून कान तपासायला. वहीत मागे पडणाऱ्या प्रत्येक पोराचं एक पान होतं. याला फळा दिसत नाही, हिला ऐकू येत नाही, याची अक्षरं उलटी पडतात पण तोंडी हिशेब पक्का, हिला सगळं कळतं पण सावकाश. मी म्हटलं, एवढं कशाला लिहिता, सरळ मठ्ठ लिवा. बाई म्हणाल्या, "काका, तो शब्द मी वहीत लिहीत नाही. तो लिहिला की शोधायचं थांबतं."

मग म्हणाल्या, हिरूच्या मागे उभे राहा, हात पाठीशी बांधा आणि हाक मारा. हिरू अंगणात लाकडी माचावर बसून बोंबील निवडत होती. मी माचावर चढलो आणि हाक मारली. पोरगी लगेच वळली. माझी छाती फुगली. बाई शांतपणे म्हणाल्या, "फळी हलली म्हणून वळली ती. खाली या, वाळूवर उभे राहा, मग मारा हाक." चार पावलांचं काम होतं. मी उतरलो नाही. म्हटलं, माझ्या अंगणात मला उभं कुठं राहायचं ते शिकवू नका. जमलेल्या बायका हसल्या आणि मला आणखी जोर चढला. बाईंनी डबी पिशवीत टाकली. जाताना एवढंच म्हणाल्या, "पुढून येणारं सगळं तिला कळेल काका. मागून येणारं कळणार नाही." त्या सांजेला मला जेवण गेलं नाही. तरी दुसऱ्या दिवशी मी वाळूवर उभा राहिलो नाही. तिसऱ्याही नाही. अशी तीन वर्षं गेली.

त्या तीन वर्षांत बाई गप्प बसल्या नाहीत. हिरूला पुढच्या ओळीत घेतलं, तिच्याकडे तोंड करून शिकवायच्या. दर चार-सहा महिन्यांनी माझ्याकडे यायच्या, मी काहीतरी तिरकं बोलायचो, त्या चहा पिऊन जायच्या. एकदा मी विचारलं, बाई, तुमाला दुसरी घरं नाहीत काय? म्हणाल्या, आहेत, पण तिथली माणसं एकदा सांगून ऐकतात.

एक्क्याऐंशीच्या मार्गशीर्षात, ओहोटीला, बायकापोरं खडकांवर कालवं काढायला गेली होती. हिरू दहा वर्षांची, सगळ्यांच्या पुढे, शेवटच्या खडकावर. पाणी फिरलं, भरती लागली. बाकीच्या उठल्या, हाका मारत परतल्या. हिरू समुद्राकडे तोंड करून बसलेली, कोयत्यानं कालव ठोकतेय. किनाऱ्यावरून दहा जण ओरडू लागले. मी ओरडलो. वारा जमिनीवरून समुद्राकडे होता, हाक सरळ तिच्याकडे जात होती. तिनं मान उचलली नाही. मधल्या खाचेत पाणी भरत होतं, कोणी घाई करत नव्हतं, ना समुद्र, ना ती... आणि मला ती पाठ ओळखीची वाटली. वाकलेली, निवांत, आपल्या कामात गुंग. ही पाठ मी आधी पाहिली होती.

आता जे लिहितो ते घरातही कोणाला माहीत नाही. मला एक मोठी बहीण होती, रखमा. सगळा गाव तिला येडी म्हणायचा, मीही म्हणायचो. मी सात-आठ वर्षांचा असताना ती अशीच भरतीत अडकली. लोक म्हणाले, येडीच ती, एवढ्या हाका मारल्या, वळली नाही. ती तिसऱ्या दिवशी दातिवऱ्याच्या बाजूला सापडली. आईनं पुन्हा तिचं नाव घेतलं नाही आणि आम्हालाही घेऊ दिलं नाही.

मी पाण्यात शिरलो. छातीपर्यंत पाणी आलं तेव्हा हिरूच्या खडकाला हात लागला. मी तिचा पाय धरला, तेव्हा ती दचकून वळली, मला बघून हसली आणि भरलेली टोपली दाखवली. तिला खांद्यावर घेऊन मी बाहेर आलो. ओल्या कपड्यांनी तसाच शाळेत गेलो. म्हटलं, "बाई, मी वाळूवर उभा राहून आलो." त्यांनी हातातला खडू खाली ठेवला आणि रजेचा अर्ज लिहायला बसल्या.

मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात बाईच आम्हाला घेऊन गेल्या. डॉक्टर म्हणाले, कान जन्मापासूनच गेलेले, यंत्रानं थोडं भागेल, पण पोर लवकर आणली असती तर बोलणं पुष्कळ सुधारलं असतं. हिरूचे शब्द आजही अर्धे येतात, मला 'आज्जा' म्हणायचं तर 'आआ' म्हणते. ते अर्धे शब्द माझ्या हट्टाचे. मग डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कोणाला असं होतं? मी म्हटलं, नाय, आमच्यात कोणी नाय. घरातल्या पोरींची लग्नं व्हायची होती. डॉक्टरांनी लिहून घेतलं. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी खिडकीबाहेर बघितलं... त्यांनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही. पण हिरूच्या लग्नात अक्षता टाकून झाल्यावर माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, पोर झालं की मला कळवा. मी कळवलं नव्हतं.

बाईंच्या दहाव्याला मी पालघरला गेलो. यजमानांनी मला आतल्या खोलीत नेलं. टेबलावर ती वही होती, पानं पिवळी पडलेली, आणि वहीवर हिंगाची डबी. मी मागितली. ते म्हणाले, न्या, आता इथे कोण वाजवणार.

घरी पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. गावातच दिलेली हिरू सोनीला माझ्याकडे सोडून विहिरीवर गेली होती. सोनी अंगणात माझ्याकडे पाठ करून बसली होती, दोन शिंपले एकमेकांवर ठेवत होती. मी चपला काढल्या. माचावर चढलो नाही. वाळूवर, तिच्यामागे चार पावलांवर उभा राहिलो आणि डबी हलवली. सोनीनं शिंपला ठेवला. जोरात हलवली. तिनं तो उचलून पुन्हा ठेवला. मोठ्यानं हाक मारली, तेव्हा दोन घरं पलीकडून भागी बाहेर आली, काय झालं दादा म्हणून विचारू लागली. सोनी वळली नाही. वाकलेली, निवांत, आपल्या कामात गुंग...

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं मी हिरूला आणि सोनीला घेऊन निघालो. डबी सदऱ्याच्या खिशात होती, गाडीच्या हिसक्यांनी वाजत होती. पालघरला पोचलो, दवाखान्यात रांगेत बसलो, नंबर लागला. डॉक्टरीण तरुण होती. तिनं कागद ओढला, पेन उघडलं. तिनं विचारायच्या आधीच मी म्हटलं, "लिवा बाई. रखमा. माझी सख्खी मोठी बहीण."