सुट्टीवाल्याची जागा

इंग्लंडच्या एका फुटबॉलपटूवर माझा राग आहे आणि त्या बिचाऱ्याला त्याची खबरसुद्धा नाही. बायकोला हे सांगितलं तेव्हा ती पोट धरून हसली. हसू दे. तिनं त्याच्या कॅसेटी बघितलेल्या नाहीत.

मी पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीतला. घरी म्हशी, शेळ्या आणि डोंगरउतारावरची थोडी वरकस जमीन. कॉलेजसाठी एसटीनं महाडला यायचो आणि कॉलेज सुटलं की तिथल्या मोहल्ल्यातल्या पोरांबरोबर फुटबॉल खेळायचो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. भातं कापून झाली की सावित्रीच्या काठच्या शेतांत मैदान व्हायचं. पडलं की धसकटं गुडघे सोलून काढायची. टीममध्ये डोंगरावरचा मी एकटाच, पण त्याचं कुणाला काही नव्हतं. ईदला मला दोनदा बोलावणं यायचं, आणि शेवटची गाडी चुकली की मी कॅप्टनच्या घरी मुक्काम ठोकायचो. त्याची आई माझ्यासाठी वेगळं जेवण रांधायची. हे मुद्दाम आधी सांगतो, कारण पुढं जो संताप येणार आहे तो परक्या माणसांबद्दलचा नाही.

मी सेंटर हाफ होतो. मैदानाच्या मधोमध उभं राहायचं, मागून आलेला बॉल पायात घ्यायचा, मान वर करायची आणि पुढं कुणाला द्यायचा ते ठरवायचं. ते मला यायचं. दुसरं काय येत होतं देव जाणे, पण ते यायचं.

आता आमच्या टीमची रीत ऐका. मोहल्ल्यातली निम्मी तरणी माणसं गल्फला. दोन-तीन वर्षांनी दोन महिन्यांच्या सुट्टीवर यायची. आणि गल्फला जाताना जो ज्या जागेवर खेळत असेल, ती जागा कायमची त्याची. चार वर्षांनी येऊ दे, पोट सुटून येऊ दे. पहिल्याच संध्याकाळी बूट बांधून तो थेट आपल्या जागेवर जाऊन उभा राहायचा आणि तिथं जो असेल त्यानं गुमान बाजूला व्हायचं. वर्षभर त्या जागेवर घाम गाळला असला तरी! "दोन महिनं तर हाय बिचारा. खेळू दे रे त्याला," असं कॅप्टन म्हणायचा, की विषय संपला. एरवी थ्रो-इनवरून एकमेकांची गचांडी धरणारी पोरं या बाबतीत ब्र काढायची नाहीत.

जागा गेलेला पोरगा बांधावर जाऊन बसायचा. मी बसायचो नाही. मी शहाणा ना! मी म्हणायचो, थांब, मी लेफ्ट बॅक खेळतो. मग लेफ्ट बॅकवाला सुट्टीवर यायचा, की मी राइटला. राइटवाला आला की फॉरवर्ड. एका सीझनला मी सहा मॅचमध्ये पाच जागांवर खेळलो. लोक म्हणायचे, काय गुणी पोरगा आहे! आणि मी गुणी पोरगा त्या शब्दांवर फुगायचो. मूर्ख कुठला.

तो इंग्रज याच सुमारास आमच्यात आला. एका सुट्टीवाल्यानं तिकडच्या मॅचच्या कॅसेटी आणल्या होत्या, पुढं दर सुट्टीत कुणी ना कुणी आणत गेलं. कॅप्टनच्या घरी दर शुक्रवारी दुपारी जेवणं झाली की त्या लागायच्या. त्यात हा एक गोरा, लांबुडक्या तोंडाचा, नाव आमच्या जिभेवर बसेना. पहिल्या कॅसेटीत राइट बॅक. पुढच्या सुट्टीतल्या कॅसेटीत लेफ्ट बॅक. नंतर हाफ. एकदा टीम हरत होती म्हणून फॉरवर्ड टाकला, तर पठ्ठ्यानं गोल मारला. आणि एकदा त्यांच्या गोलकीपरला रेफरीनं बाहेर काढलं, तेव्हा हातमोजे चढवून हाच गोलात. कुठंही टाका, तोंड वाकडं करायचा नाही. कॅप्टन टीव्हीकडे बोट दाखवून माझ्या पाठीत थाप मारायचा. "बघ, हा तुझा भाऊ हाय रे तिकडं!"

मला तेव्हा बरं वाटायचं. पुढं बऱ्याच वर्षांनी महाडात सायबर कॅफे निघाला, तेव्हा मी त्याची सगळी कारकीर्द शोधून वाचली. तीन-चार क्लब, पंधराएक वर्षं, जागेच्या रकान्यात चार जागा लिहिलेल्या. शेवटची काही वर्षं तर बरीचशी बाकावरच. आणि माझं डोकं फिरलं. अरे, तुला कुठंही उभं राहण्याचा पगार मिळत होता! तुझ्या पाठीमागे करार होता, डॉक्टर होता, म्हातारपणाची सोय होती. तू बॅक खेळलास काय आणि गोलात उभा राहिलास काय, तुझी चूल पेटत होती. आणि आम्ही तुझं बघून शिकलो. तासाचे पैसे भरले होते, तरी मी अर्ध्यातच उठून बाहेर आलो.

आता त्या दिवसांतल्या आमच्या तालुक्याच्या स्पर्धेच्या फायनलचं सांगतो. महाडच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यानं स्वतःची फुटबॉल टीम काढायचं ठरवलं. दोन खेळाडू घेणार आणि कामावर कायम करणार. त्यांचे साहेब आमची फायनल बघायला येणार होते. कॅप्टननं कारखान्याच्या ड्रायव्हरकडून आतली बातमी काढली: एक फॉरवर्ड हवाय आणि एक सेंटर हाफ. त्यानं धावत येऊन मला मिठीच मारली. "तुझं झालं समज!"

माझा मोठा भाऊ मुंबईला गेला होता. वर्षाला एकदा, गणपतीत दिसायचा, दर खेपेला आणखी वाळलेला. आता माझी पाळी होती. मला जायचं नव्हतं. ही नोकरी लागली तर सकाळी ड्युटी करून संध्याकाळी घरी म्हशीचं दूध काढता आलं असतं. बापाला सांगितलं तर तो म्हणाला, "बॉलला लाथ मारली म्हणून कामाला ठेवतात? खुळं हायत काय ते?" पण फायनलच्या दिवशी त्यानंच माझे बूट पुसून दाराशी ठेवले होते.

फायनलच्या आदल्या दिवशी वीर स्टेशनवरून एक रिक्षा मोहल्ल्यात आली. त्यातून एक सुट्टीवाला उतरला, पाच वर्षांनी. त्याची जागा कोणती? सेंटर हाफ!

आणि आमचा गोली त्याच सकाळी मोटरसायकलवरून पडून मनगट सुजवून बसलेला. कॅप्टन माझ्याकडे आला तो खाली बघतच. "त्याला नाय कसा म्हणू रे? आणि गोलीत दुसरा कोण हाय? तुला जमतंय." त्याला माहीत होतं साहेब कशाला येणार आहेत. मलाही माहीत होतं. मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "बरं."

मॅच आम्ही एका गोलानं जिंकलो. मी चार बॉल अडवले, एक तर अगदी कोपऱ्यातला. समोर मधोमध तो सुट्टीवाला दम लागून कमरेवर हात ठेवून उभा आणि बॉल त्याच्या बाजूनं निघून चाललाय, हे मी अख्खी मॅच गोलातून बघत होतो. दात आवळून आवळून जबडा दुखायला लागला.

मॅच संपल्यावर साहेब वही घेऊन आमच्याकडे आले. आमचा फॉरवर्ड त्यांनी आधीच पसंत केला होता. "सेंटर हाफ काही दिसला नाही तुमचा," ते म्हणाले.

आणि इथं कॅप्टननं काय करावं? त्यानं माझा दंड धरून मला पुढं ओढलं. सगळ्यांसमोर, त्या सुट्टीवाल्यासमोरसुद्धा. "साहेब, आमचा हाफ हा. बारा महिनं हाच खेळतो. आज नाइलाजानं गोलीत उभा केलाय. याला एकदा मधे खेळवून बघा." सुट्टीवालाही म्हणाला, "हां साहेब, मी तर पाहुणा."

साहेबांनी वही उघडली. पेनाचं टोपण काढलं. माझ्याकडे बघून विचारलं, "बोल, तुझी जागा कोणती?"

दोन शब्द. सेंटर हाफ. तेवढेच दोन शब्द हवे होते. आणि माझ्या तोंडातून, अगदी नम्रपणे, हसऱ्या चेहऱ्यानं काय निघालं? "तशी ठरलेली नाही साहेब. तुम्ही सांगाल तिथं."

साहेबांनी वही मिटली. मग म्हणाले, "सांगेन तिथं उभे राहणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत." त्यांनी टोपण लावलं आणि ते जीपकडे गेले.

कॅप्टन माझ्यावर ओरडला. "अरे, हाफ म्हणायचं होतं रे! मी एवढं सांगितलं, तुला नुसतं हाफ म्हणता नाय आलं?" त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्याची कॉलर धरली आणि त्याला धसकटात आडवा पाडला. तीन-चार गुद्दे हाणले. पोरं ओढत होती तरी सोडेना. त्यानं हात वर केला नाही. तो खालून फक्त एवढंच विचारत राहिला, "हाफ का नाय म्हणालास रे? का नाय म्हणालास?" आणि मी मारत राहिलो.