काचेत दिसलेल्या काड्या

"थांब वं, काच वाळू दे."

दिवसातून पन्नास वेळा तरी हे ऐकायला लागायचं. ज्याच्यामुळे काम रेंगाळतं आणि ज्याच्यावाचून ते चालतही नाही, असा एखादा सहकारी तुम्हीही पाहिला असेल. यवतमाळच्या आमच्या रक्त तपासणीच्या लॅबमधले भाऊ तसे होते. रक्ताचा थेंब काचेवर ओढायचा आणि तो वाळेपर्यंत कुणी हलायचं नाही. डॉक्टर दारात ताटकळले तरी नाही!

रक्तपेशी मोजणारं मशीन आलं तेव्हा मी म्हटलं, "भाऊ, आता कशाला प्रत्येकाची काच करता?"

"मशीन मोजते. ओळखत नाही." एवढं बोलून डोळा परत सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाला. असा संताप यायचा मला!

कापसाचे ते वाईट दिवस. अळी हटेना, फवारण्या थांबेनात, आणि विषबाधेच्या माणसांचं रक्त आमच्याकडे ट्रे भरभरून यायचं. एक दिवस महागावकडच्या एका अंगणवाडीताईचं रक्त आलं. हिरड्यांतून रक्त येत होतं, अंगावर निळे डाग. ती शेतात फवारणीच्या पंपात पाणी भरायची, म्हणून चिठ्ठीवर 'फवारणीची बाधा' लिहिलेलं. मी तिच्या रक्ताची नळी सरळ विषबाधेच्या ट्रेमध्ये खुपसली आणि जेवायला बसले. त्या वर्षी नुसती चक्कर आली तरी आम्ही सगळे फवारणीच म्हणायचो.

भाऊंनी सवयीनं तिचीही काच केली. आणि एकदम ओरडले, "अवं, इकडे ये!"

मी पाहिलं. जांभळ्या पेशींत बारीक काड्यांचे जुडगे होते, कापसाच्या वाळक्या पऱ्हाटीची मोळी बांधावी तसे.

"हे फवारणी नोय. रक्ताचा कॅन्सर हाय. पण या जातीले गोळी हाय. आजच भेटली तं बाई वाचते, नाही तं दोन दिवसांत रक्तस्राव होऊन जाते."

नळी मीच मागे टाकली होती.

भाऊ अनवाणीच धावले आणि आमच्या डॉक्टरांना हाताला धरून भिंगापाशी घेऊन आले. संध्याकाळी ताई नागपूरच्या वाटेवर होती. तिथल्या डॉक्टरांनी जनुकांच्या तपासणीसाठी रक्त मुंबईला पाठवलं, पण उत्तराची वाट न पाहता गोळ्या सुरू केल्या. उत्तर भाऊंनी सांगितलं तेच आलं.

"गोळी त्या पेशींना मारते का हो?" मी भाऊंना विचारलं.

"नाही वं. दोन जनुकं तुटून एकमेकांले चिपकले. म्हणून मोठं व्हायचा निरोप पेशीत लागूच पडत नाही. पोरगं पहिलीतच बसून राह्यलं. गोळी तो निरोप मोकळा करते. मंग पोरगं शिकते, मोठं होते, आपल्या वयानं जाते. मारण्यापरीस शहाणं केलेलं बरं, नाही का?" आणि स्वतःच खुदकन हसले.

ताई बरी झाली. दर वर्षी तपासणीला यायची. भाऊ तिची काच अर्धा तास पाहायचे, निव्वळ आनंदासाठी. मला आता राग येत नसे.

यंदा ती आली तेव्हा भाऊंना जाऊन दोन महिने झाले होते. तिला ठाऊक नव्हतं. मी सांगितलं तशी ती बाकावर टेकली. मग तिनं बाही वर केली.

"तुमी पाहा."

मी काच ओढली. खूप वेळ पाहिलं. "ताई, सगळं चांगलं आहे."

ती डोळे पुसत म्हणाली, "भाऊले सांगजा."

कुणाला सांगणार होते मी? तरी त्यांच्या रिकाम्या स्टुलाकडे तोंड केलं आणि मोठ्यानं म्हटलं, "भाऊ, ताई बरी हाय."