रिंग देतोय, उचलू नका

“वहिनी, रिंग देतोय! उचलू नका हां!” कुंपणापलीकडून असं ओरडून भाऊ मग मला मिस्ड कॉल देत. त्यांचा आवाज किनाऱ्यावर होडी ओढणाऱ्यांनाही ऐकू जाईल असा खणखणीत. एवढं ओरडून झाल्यावर वर रिंग कशाला, हा प्रश्न मला रोज पडायचा. त्यांना तो कधीच पडला नाही.

असा एखादा शेजारी तुमच्याही वाट्याला आला असेल. आमचे भाऊ सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, विधुर, थळजवळच्या आमच्या आळीत नारळ-सुपारीची वाडी राखून होते. फोनवर बोलणं त्यांना मंजूर नव्हतं. फोन वाजवायचा असतो, एवढंच ते मानत. छोटी रिंग म्हणजे चहा टाकलाय, या. लांब रिंग म्हणजे वीज आली, पंप लावून घ्या. मधल्या लांबीच्याही रिंगा यायच्या. त्यांचा अर्थ मला शेवटपर्यंत लागला नाही आणि बहुधा त्यांनाही लागला नसावा.

“भाऊ, आता बोलणं फुकट असतं,” मी एकदा सांगून पाहिलं.

“फुकट आहे म्हणून काय बोलत सुटायचं?” ते म्हणाले आणि आत निघून गेले. मी आयुष्यभर टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते. लोकांना बोलतं करण्याचाच मी पगार घेतला. त्यामुळे हा टोमणा कुणाला होता, हे वेगळं सांगायला नको.

त्यांच्या दिवसातली सगळ्यात महत्त्वाची रिंग मात्र सकाळची. रोह्यापलीकडे तळा गावात त्यांची थोरली बहीण राहते, आक्का. पूजा आटोपली की आक्का रिंग द्यायच्या आणि भाऊ उलट रिंग द्यायचे. म्हणजे ती आहे, मीही आहे. झालं. कारण बहीणभावांत अबोला होता. भाऊंनी वाडीत पर्यटकांसाठी खोली बांधली, अ‍ॅटॅच्ड बाथरूमसकट, आणि त्या खोलीसाठी वडिलांनी लावलेलं रायवळ आंब्याचं झाड पाडलं. मुंबईच्या लोकांना झाडं बघायची हौस असते ना, म्हणून झाड तोडून त्यांची सोय केली. “आजपासून माझ्याशी बोलू नकोस,” असं म्हणून आक्का त्याच पावली तळ्याला गेल्या. दोघंही नियमाने वागणारी, अबोला अगदी कडक पाळला. रिंग मात्र चालू राहिली. न उचललेला फोन म्हणजे बोलणं नव्हे, यावर दोघांचंही न बोलता एकमत झालं होतं.

मग पुण्याहून भाऊंचा मुलगा आला. तो कॉम्प्युटरमधला. “बाबा, तुम्ही फोन उचलत नाही, बुकिंग जातात,” म्हणाला आणि नवा फोन देऊन गेला. त्यात व्हिज्युअल व्हॉइसमेल. म्हणजे काय, तर तुम्ही उचलला नाहीत तर फोन स्वतःच उचलतो, आतली बाई इंग्रजीत निरोप मागते आणि कुणी कुणी निरोप ठेवला त्यांची नावं पडद्यावर ओळीने दिसतात. गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवायचं नाही म्हणून मुलाने ती बाई दुसऱ्याच रिंगला हजर होईल अशी तजवीज केली. मुलगा हुशार. बापाला ओळखत नव्हता, एवढंच.

गावात बातमी माझ्याआधी पोचली. वाडीत झाडलोट करणारी पारू दारातूनच म्हणाली, “बाय, भाऊंच्या फोनात कोन बाय हाय? मी रजा मांगाला फोन केला, तर इंग्लिशमदी बोलते. घरात तर कोन दिसत न्हाय!”

मी हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र भाऊ न ओरडता, रिंग न देता स्वतः माझ्या ओटीवर आले. तिथेच मला काळजी वाटायला हवी होती.

“वहिनी, हे बंद करा.” फोन त्यांनी हातभर लांब धरला होता. “आक्काची रिंग ह्या बाईने उचलली. मी उलट रिंग दिली, तर तिचा फोन बंद.”

पडद्यावर आक्कांचं नाव होतं आणि त्यापुढे लाल ठिपका. आक्कांनी निरोप ठेवला होता.

“ऐका की आधी, काय म्हणतायत त्या.”

“ऐकलं म्हणजे बोलल्यासारखंच झालं. तिने घातलेला अबोला आहे, मी कसा मोडू? तुम्ही हे बंद करा. उद्या सकाळी तिची रिंग यायला पाहिजे.” आवाज नेहमीसारखाच होता, पण बोलता बोलता त्यांनी आक्कांना आणखी दोनदा रिंग देऊन पाहिली. हा माणूस घाबरलाय, हे मला तेव्हा कळलं. चार शब्द टाळायला त्यांनी इतकी वर्षं जी एक रिंग जपली होती, तीच आता जाणार होती.

माझी टेलिफोन खात्यातली नोकरी खटके आणि प्लगांवर गेली. त्यामुळे मोबाईलमधलं मला सगळं येत असणार, अशी आळीची समजूत आहे. मी सेटिंगमध्ये शिरले. तिथे घरात नसतील इतकी दारं. एका दारातून गेले तर फोन गुजरातीत बोलू लागला. शेवटी मुलाला फोन लावला, तर त्याच्याही फोनात तीच बाई! तिच्याकडेच निरोप ठेवला की तुला बंद कसं करायचं ते कळव. तिने आभार मानले.

बऱ्याच खटपटीने ते बटण एकदाचं सापडलं. दाबलं, तर फोनने विचारलं, “व्हॉइसमेल बंद केल्यास साठवलेले निरोप पुसले जातील. पुढे जायचं?”

मी वाचून दाखवलं. भाऊंना पेच पडला. ऐकावं तर अबोला मोडतो, न ऐकावं तर आक्का काय म्हणाल्या ते कायमचं जातं.

“थांबा,” ते म्हणाले. मग ओटीवरून उतरत, “तुम्ही ऐका. मी विहिरीपाशी उभा राहतो.”

दुसऱ्याचं बोलणं ऐकायचं नाही, हा आमच्या खात्याचा पहिला नियम. तो आम्ही सगळ्यांनी कसा पाळला, ते सोडा. मी फोनचा आवाज होता तेवढा वाढवला. विहीर काही तशी लांब नाही.

“कोण बोलताय बाई तुम्ही?” आक्का विचारत होत्या. “त्याचा फोन तुमच्याकडे कसा? दवाखान्यातनं बोलताय का? नर्स आहात का? अहो, मराठीत सांगा, काय झालंय त्याला? ... बोलवत नसेल तर नको बोलू दे. त्याला म्हणावं, आक्का निघालीच. झाडाचं नंतर बघू म्हणावं.”

भाऊ विहिरीच्या कठड्याला धरून उभे होते. पाठ माझ्याकडे.

“निघाली असेल ती,” ते म्हणाले. “तळ्याहून रोहा, तिथून अलिबाग. एसटीत बसली की फोन बंद करून पिशवीत तळाशी टाकते. हे पुसा आता.”

“पुसू? नक्की?”

“पुसा. ती स्वतःच येतेय.”

मी बटण दाबलं. बाई गेली. भाऊ ताडताड घरी गेले आणि ज्या खोलीपायी आंबा गेला तीच खोली झाडायला लागले. पारू झाडते म्हणाली, तर तिला हात लावू देईनात.

दुपार कलल्यावर रिक्षा आली. आक्का उतरल्या, हातात पिशवी, वेणी सुटलेली. पाहतात तर फाटकात भाऊ उभे, ठणठणीत, हातात केरसुणी. दोघंही एकमेकांकडे बघत राहिली. मी कुंपणाशी फुलं काढत होते. झाडावरची फुलं सकाळीच काढून झाली होती, पण कुणाचं लक्ष नव्हतं.

“रिंग द्यायचीस ना,” भाऊ म्हणाले. “स्टँडवर आलो असतो.”

“दिली होती. तुझ्या त्या बाईने उचलली.”

एवढं बोलून आक्का पदराने डोळे पुसायला लागल्या आणि भाऊ केरसुणी कुठे ठेवावी ते शोधायला लागले. मी उगाचच जास्वंदीची दोन पानं तोडली. संध्याकाळी आक्का ती खोली सगळीकडून बघून आल्या आणि म्हणाल्या, “बाथरूम बरं आहे.” आंब्यावरचा तो शेवटचा शब्द.

अबोला संपला, तेव्हा आता फोनवर गप्पा मारतील, असं मला वाटलं होतं. कसलं काय. आक्का सणावाराला येऊन राहू लागल्या, दोघं ओटीवर बसून कडाकडा भांडू लागली. पण तळ्याला परत गेल्या की सकाळी पुन्हा तीच रिंग, तीच उलट रिंग. मी एकदा टोकलं तर भाऊ म्हणाले, “ती आहे, एवढं कळतं ना? मग?”

गेल्या हिवाळ्यात भाऊ झोपेतच गेले. सकाळी आक्कांची रिंग आली आणि उलट रिंग गेली नाही, तेव्हाच त्यांना कळलं असणार. मी फोन केला, तेव्हा त्या पिशवी भरत होत्या.

आता वाडी मुलगा बघतो, पुण्यात बसून. भाऊंचा नंबर बुकिंगला ठेवलाय आणि त्यात ती बाई परत आली आहे. धंद्याच्या दृष्टीने ते योग्यच असणार. बारावं-तेरावं झाल्यावर आक्का तळ्याला निघाल्या, तेव्हा कुंपणाशी थांबल्या. म्हणाल्या, “त्या बाईशी मला बोलायचं नाही. सकाळी तुम्हाला रिंग देईन. उचलू नका हां.”

रोज सकाळी माझा फोन वाजतो. इतकी वर्षं वाजलेला प्रत्येक फोन उचलण्याची सवय, हात आपोआप पुढे जातो. मी तो मागे घेते. रिंग थांबली की उलट रिंग देते. तिकडे आक्काही उचलत नाहीत.