शनिवारी पुढं ओढणारं हेलिकॉप्टर

माकणीच्या कल्याणप्पांनी एसटीत ड्रायव्हर म्हणून हयात घालवली आणि त्या हयातीत त्यांच्या गाडीखाली साधी कोंबडीसुद्धा आली नाही. विनाअपघात सेवेचा बिल्ला त्यांना मिळालेला आहे. तो देवघरात विभूतीच्या बटव्याशेजारी असतो. पण असल्या ड्रायव्हरचं एक वाईट असतं, त्याचं कसब कुणाला दिसत नाही. धसमुसळ्या ड्रायव्हरला सगळा तालुका ओळखतो. चांगल्याच्या गाडीत लोक झोपतात. लोहारा-धाराशिव गाडीत कल्याणप्पांच्या मागं माणसं तोंड उघडं टाकून घोरायची, धाराशिव आलं की जागी व्हायची आणि पिशव्या उचलून कोर्टाकडं चालू लागायची. आप्पा, गाडी काय आणलीत, असं एकानंही कधी वळून म्हटलं नाही.

बाहेरच्यांचं सोडा, घरात बायकोनंही म्हटलं नाही. इरम्मा लग्नानंतर एकदाच नवऱ्याच्या गाडीत बसली होती, तीही सगळ्यात मागच्या सीटवर, पदर डोळ्यांवर ओढून. नवरा गाडी चालवतोय हे तिला बघवेना. पुढं माहेरी जायचं झालं की ती वडापच्या जीपनं जायची. जीपचा ड्रायव्हर परका, त्याचं काय व्हायचं ते होवो, असा तिचा हिशेब होता. त्या जीपमध्ये तूही बसलेली असतेस, हे तिला सांगायचं कल्याणप्पांच्या कधी डोक्यात आलं नाही.

रिटायर झाल्यावर वर्षभर ते ओट्यावर बसून रस्त्यावरच्या गाड्यांचे गिअर ऐकत होते. मग दिवाळीला त्यांचा भाचा गौरीशंकर पुण्याहून आला आणि येताना एक लांबट पेटी घेऊन आला. पेटीत रिमोटवर उडणारं हेलिकॉप्टर होतं. हाताएवढं लांब, वर दोन पाती, शेपटीला छोटा पंखा. गौरीशंकरला हा नाद लग्नाआधी लागला होता. लग्नानंतर बायकोनं फ्लॅटमधली जागा मोजून दाखवली आणि पेटीची रवानगी माकणीला झाली.

"मामा, तुम्ही जन्मभर स्टेअरिंग धरलंय. तुम्हाला आठ दिवसांत जमंल," तो म्हणाला. हे वाक्य बोलून तो पुण्याला निघून गेला आणि कल्याणप्पांना ते निस्तरायला मागं ठेवलं.

कल्याणप्पांनी मात्र पेटी उघडताक्षणी एक गोष्ट मनात पक्की केली होती. हे यंत्र इरम्माला दाखवायचं. ह्याला मागची सीट नाही. हे उघड्यावर, डोळ्यांपुढं उडतं. आपण काहीतरी नीट चालवतो, हे एकदा तरी तिनं बघावं, एवढीच त्यांची इच्छा होती आणि ती त्यांनी तिला स्पष्ट बोलूनही दाखवली.

"न पाडता उडवाय लागलात की सांगा," इरम्मा भाकरी थापता थापता म्हणाली. "तवर म्या येत न्हाय."

झालं, अट ठरली.

शिकायला जागा धरणाच्या काठाला मिळाली. पाणी उतरलं की तिथं गाळाची जमीन उघडी पडते, तव्यासारखी सपाट. सोबतीला पाशामियाँ. हे त्यांचे जुने कंडक्टर, लोहाऱ्याचे, तेही रिटायर. घरी नातवंडांनी टीव्ही बळकावल्यामुळं ते कुठंही यायला तयार असत. कंडक्टर म्हणून शिट्टी त्यांच्या गळ्यात होती ती अजून होतीच. हेलिकॉप्टर उचलायच्या आधी ते शिट्टी मारायचे. त्याची गरज नव्हती, पण कल्याणप्पांचा हात शिट्टीशिवाय पुढं जाईना.

नवशिक्याचं हेलिकॉप्टर कलंडून पाती मोडू नयेत म्हणून त्याच्या पायांना आडव्या काड्या बांधतात. गौरीशंकरनं त्या विकत घ्या म्हणून सांगितलं होतं. इथं तुरीच्या वाळक्या तुराट्यांना काय तोटा? कल्याणप्पांनी दोन तुराट्यांची फुली केली, टोकांना प्लॅस्टिकचे चेंडू खोचले आणि सुतळीनं खाली बांधून टाकली. हेलिकॉप्टर बाजेवर बसवल्यासारखं दिसू लागलं.

आणि मग कळलं की ही गाडी नव्हेच. गाडीत आपण काही केलं नाही तर गाडी सरळ जाते. ह्यात आपण काही केलं नाही तर ते पडतं. एका जागी नुसतं उभं करायचं म्हटलं तरी दोन्ही अंगठे सारखे हलत ठेवावे लागतात, आणि तेही इतके थोडे की बघणाऱ्याला वाटावं माणूस काहीच करत नाही. कल्याणप्पांनी पहिले काही आठवडे ते गुडघ्याच्या वर जाऊ दिलं नाही. पाशामियाँ कंटाळून म्हणायचे, "आप्पा, एवढ्या उंचीवर तर आमची बकरी पण उडते." कल्याणप्पा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

त्यात एक भानगड निघाली. हेलिकॉप्टर शनिवारी पुढं ओढायचं. रिमोटची दांडी सोडली की नाक खाली घालून धरणाकडं निघायचं. रविवारी जरा कमी. बुधवार-गुरुवारपर्यंत बरंच ताळ्यावर यायचं आणि शुक्रवारी एका जागी असं उभं राहायचं की कल्याणप्पांना वाटावं, आता इरम्माला बोलवावं. तेवढ्यात शनिवार उजाडायचा आणि स्वारी पुन्हा धरणाकडं.

"आप्पा, शनिवार का कुछ तो लफडा है," पाशामियाँनी निदान केलं.

कल्याणप्पांनाही तेच वाटत होतं. त्यांनी शनीला तेल घातलं. पुढच्या शनिवारी हेलिकॉप्टर आणखीच जोरात गेलं. पाशामियाँ म्हणाले, तेल जास्त झालं असंल.

शेवटी त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ काढून गौरीशंकरला पाठवला. त्याचा लगेच फोन आला.

"मामा, नाकाला काय बांधलंय?"

"कुठं काय? काय बी न्हाय."

"काहीतरी लोंबतंय."

"ते व्हय? ते लिंबू हाय."

लिंबू म्हणजे लिंबू-मिरची. काळ्या दोऱ्यात ओवलेलं भलंमोठं लिंबू, खाली मिरच्या, वर बिब्बा. हे इरम्माचं खातं होतं. एसटीत गाडी रोज वेगळी, तेव्हा ती लिंबू नवऱ्याच्या खिशात घालायची. आता पहिल्यांदाच बांधायला हक्काचं नाक मिळालं होतं. दर शनिवारी ती जुनं सोडून ताजं बांधायची. ताजं लिंबू जड, त्यानं नाक खाली. मग ते आठवडाभर सुकत जायचं आणि हेलिकॉप्टर हळूहळू सरळ व्हायचं. गौरीशंकर फोनवर बराच वेळ हसत होता. कल्याणप्पा मात्र हसले नाहीत, कारण लिंबाला वजन असतं हा विचारच त्यांनी कधी केला नव्हता.

दुसऱ्या शनिवारी त्यांनी जपून विषय काढला. "आज लिंबू ऱ्हाऊ दे. त्याचा तोल जातोय म्हनं."

इरम्मानं वाद घातला नाही. गुपचूप लिंबू सोडलं आणि उंबऱ्यावर जाऊन बसली. एवढ्या वर्षांच्या संसारात ती वाद न घालता काही सोडते, हे कल्याणप्पांना माहीत नव्हतं. त्या दिवशी हेलिकॉप्टर छान उडालं. दुपारी घरी आले तर चूल थंड, आणि इरम्मा उंबऱ्यावर बसलेली. सकाळी जिथं सोडली होती तिथंच.

"काय झालं गं?"

"काय न्हाय. आलात नव्हं? बास."

कल्याणप्पांच्या लक्षात आलं की हे बसणं आजचं नाही. ते रोज ड्युटीवर जायचे तेव्हाही ही अशीच बसत असणार. फक्त तेव्हा खिशात लिंबू होतं म्हणून स्वयंपाक तरी होत होता. संध्याकाळी त्यांनी स्वतःच लिंबू आणून तिच्यापुढं ठेवलं आणि म्हणाले, "बांध."

तोल सांभाळायचा मार्ग गौरीशंकरनंच सांगितला. बॅटरी नाकाच्या आत पट्ट्यावर बसते. ती मागं सरकवली की पुढचं वजन फिटतं. तेव्हापासून कल्याणप्पा शनिवारी बॅटरी बोटभर मागं सरकवतात आणि मग लिंबू सुकेल तशी रोज थोडी पुढं घेतात. जगात एवढा उपद्व्याप कुणी करत नसेल. इरम्माला त्यांनी हे आजतागायत सांगितलेलं नाही.

राहिलं एक अवघड काम. हेलिकॉप्टरची शेपूट आपल्याकडं असेल तोवर त्याचं डावं ते आपलं डावं. पण त्यानं तोंड आपल्याकडं केलं की सगळं उलटं. आपण डावीकडं दांडी ढकलावी आणि त्यानं आपल्या उजवीकडं जावं. तोंड आपल्याकडं करून ते हवेत एका जागी उभं करणं म्हणजे खरी परीक्षा, असं गौरीशंकर सांगायचा. कल्याणप्पांनी त्यावर आपल्या परीनं तोडगा काढला होता. हेलिकॉप्टर वळलं की ते रिमोट घेऊन पळत त्याच्या मागं जायचे. ड्रायव्हर गाडीच्या पुढं कशाला उभा राहील? धरणाच्या गाळात म्हातारा माणूस हेलिकॉप्टरच्या शेपटीमागं गोल गोल पळतोय, हे बघायला रस्त्यावरच्या मोटरसायकली थांबायच्या.

मार्ग पाशामियाँनी काढला. ते पलीकडं, हेलिकॉप्टरच्या पाठीमागं जाऊन उभे राहिले. गाडी रिव्हर्स घेताना कंडक्टर मागं उभा राहून सांगतो आणि ड्रायव्हर मान न वळवता ऐकतो, तसं.

"आप्पा, तुम्ही बघूच नका. मी सांगतो तसं घ्या."

"बोला."

"डावं. डावं. बस. उजवं थोडं. बस, बस. राहू द्या."

पाशामियाँचं डावं ते हेलिकॉप्टरचं डावं. कल्याणप्पा निमूटपणे ऐकत गेले. पाशामियाँच्या शब्दावर त्यांनी धाराशिवच्या स्टँडवर कितीतरी वेळा गाडी आंधळेपणानं मागं घेतली होती. कधी खरचटलं नव्हतं. हळूहळू पाशामियाँच्या सांगण्याआधीच अंगठा हलू लागला. मग एके दिवशी पाशामियाँ पलीकडं नुसते उभे राहिले आणि काहीच बोलले नाहीत. हेलिकॉप्टर तोंड इकडं करून उभं होतं. कल्याणप्पांनी तुराट्या काढून टाकल्या.

घरी जाऊन त्यांनी सांगितलं, "आता पडत न्हाय."

इरम्मा शनिवारीच येते म्हणाली, ताज्या लिंबावर. लिंबू तिनं धरणावर येऊन स्वतःच्या हातानं बांधलं, चांगलं टपोरं. कल्याणप्पांनी पाठ फिरवून बॅटरी एकाऐवजी दोन बोटं मागं घेतली. पाशामियाँनी वहिनींसाठी पोतं अंथरलं. इरम्मा पदर सावरून बसली. कल्याणप्पांनी हळूच बघितलं, पदर डोळ्यांवर नव्हता. त्यांना एवढ्यानंच अर्धं जिंकल्यासारखं वाटलं.

शिट्टी झाली. हेलिकॉप्टर उठलं, डोक्याच्या वर गेलं, थांबलं. लिंबू खाली लोंबत होतं आणि तरी ते तसूभर पुढं गेलं नाही. त्यांनी ते डावीकडं नेलं, उजवीकडं आणलं. कुठूनशी एक टिटवी ओरडत अंगावर आली तेव्हा ते जरा डळमळलं, पण सावरलं. मग त्यांनी शेपूट हळूहळू फिरवली आणि त्याचं तोंड आपल्याकडं केलं. ते उभं राहिलं, टांगल्यासारखं. पाशामियाँ दूरवरून हात वर करून नाचत होते. एवढं चांगलं ते याआधी कधीच उडालं नव्हतं आणि कल्याणप्पांना ते कळत होतं. त्यांनी ते अलगद खाली टेकवलं, पाती थांबू दिली आणि बायकोजवळ गेले.

"कसं वाटलं?"

"चांगलं झालं की."

"तोंड आपल्याकडं करून उभं केलं ते बघितलंस? ते लई अवघड असतंय."

"ते न्हाय बघितलं म्या."

कल्याणप्पांचा चेहरा उतरला. "मग काय डोळे झाकून बसली व्हतीस?"

"डोळे कशाला झाकू? तुमच्याकडं बघत व्हते. त्याच्याकडं बघितलं की पोटात गोळा येतोय. तुमच्या तोंडाकडं बघितलं की कळतंय, तिकडं काय चाललंय." ती बोटानं दाखवत म्हणाली, "मधी एकदा ओठ चावलात, तवा ते हाललं आसंल. मग डोळे बारीक केलात, मान अशी पुढं काढलीत, आन् लई वेळ श्वासच घेतला न्हाय. तेच का तुमचं अवघड?"

"व्हय. तेच."

"गाडी चालवताना बी आसंच तोंड व्हायचं का तुमचं?"

"काय म्हाईत. मानूस पुढं बघत असतंय."

"व्हायचं, वहिनी," पाशामियाँ येऊन पोचले होते. "रोज व्हायचं. आरशात दिसायचं मला."

"मग मला का सांगितलं न्हाय कुनी?" ती म्हणाली. "मला वाटायचं, ह्यांना काय, बसून तर असतात."

हेलिकॉप्टर तिनं बघितलंच नव्हतं आणि तरीही कल्याणप्पांना इतकं बरं वाटत होतं, की बिल्ला मिळाला त्या दिवशीही वाटलं नव्हतं. ते रिमोट उगाच पुसत उभे राहिले.

"आनखी एकदा उडवा की," इरम्मा म्हणाली. "पन तिकडं जावा, उनाकडं तोंड करून. हितं नीट दिसत न्हाय मला."

ऊन डोळ्यांवर घेऊन हेलिकॉप्टर कधी उडवू नये. कल्याणप्पा जाऊन उन्हाकडं तोंड करून उभे राहिले, आणि तोंडावर सावली नको म्हणून त्यांनी टोपीही काढून खिशात घातली.