सॉसेजची पोपटी

त्याच्या आईला मी पहिल्यांदा भेटले आणि पंधरा मिनिटांच्या आत एक सणसणीत थाप मारली. प्रेमात पडलेली माणसं थापा मारतात, त्यात नवल नाही. पण निदान झेपेल अशी तरी मारावी.

मिस्ड कॉल देऊन प्रेम करण्याचे ते दिवस. एक रिंग म्हणजे ‘आठवण आली’, दोन रिंगा म्हणजे ‘स्टेशनवर ये’. तो भाईंदरला केबिन रोडच्या मागच्या गल्लीत राहायचा. घरचे मूळचे गोव्याचे, ख्रिस्ती. वडील बोटीवर नोकरीला असल्यामुळे वर्षातले नऊ महिने घरात दोघंच, तो आणि त्याची आई. त्याच्या आईने मला चहा दिला, सोबत खारी दिली आणि बोलता बोलता म्हणाली, “आमच्याकडे संडेला मी एकच मोठा ट्रे लावते. सॉसेज, बटाटे, कांदे, सफरचंद, सगळं एकत्र ओव्हनमध्ये. मग काही बघायला नको.”

“अय्या, मीपण अगदी असंच करते!” मी म्हणाले.

मी. जिच्या हातून दूधसुद्धा दर दोन दिवसांनी उतू जायचं.

“खरं?” ती खूश झाली. “मग नेक्स्ट संडेला तुझ्या हातचं खायला आम्ही तुमच्याकडे येतो.” आणि तिने आत जाऊन घरी केलेल्या सॉसेजची एक लांबलचक माळ कागदात गुंडाळून माझ्या हातात ठेवली. मी त्याच्याकडे पाहिलं. तो पंख्याकडे बघत होता. अशा वेळी या माणसाला पंखा फार आवडतो.

एवढ्यावर भागलं असतं तर प्रश्न नव्हता. हसं झालं असतं, इतकंच. खरी अडचण बाबा होते.

बाबा पेणजवळच्या गावातले. परळला कंपनीत तीस वर्षं काढली, शांती नगरमध्ये वन रूम किचन घेतलं आणि रिटायर होऊन बाल्कनीत बसले. त्याच्याबद्दल मी घरात सांगितलं तेव्हा ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, मीही ओरडले असते. त्यांनी पेपरची घडी घातली आणि शांतपणे म्हणाले, “माणसं चांगली असतील. येऊ देत, चहा देऊ, बोलू. पण त्यांच्या पंगतीला मी बसणार नाही. ज्या दिवशी बसलो, त्या दिवशी समज मी हो म्हटलं.”

आणि बाबांचा शब्द म्हणजे शब्द. एकदा न्हाव्याशी वाजलं तर चार वर्षं स्वतःचे केस स्वतः कापले होते त्यांनी. डोक्याची पार दशा झाली, पण न्हाव्याच्या दुकानाची पायरी चढले नाहीत. तेव्हा माझ्या लग्नाचं काय होणार हे मला स्पष्ट दिसत होतं. त्यांच्या ‘हो’शिवाय लग्न करायचं नाही, असं मी स्वतःशीच ठरवून बसले होते. हट्टीपणा काही माझ्यात आकाशातून पडला नव्हता.

दिवाळी होऊन वीसेक दिवस झाले होते. सकाळी अंगावर शाल घ्यावीशी वाटायची आणि दुपारी ती फेकून द्यावीशी. रविवार उजाडला. सॉसेजची माळ आठवडाभर बाल्कनीत कपड्यांच्या दोरीला लटकत होती. आई तिला हात लावत नव्हती, पण कावळा आला की लाटणं घेऊन धावत होती. मी बाजारातून बटाटे, छोटे कांदे, रताळी, चार सफरचंदं आणि दोन पेरू आणले. पेरू कशाला, ते मलाही ठाऊक नव्हतं. छान दिसत होते.

आमच्याकडे ओव्हन होता. गोल, अ‍ॅल्युमिनियमचा, झाकणाला काचेची खिडकी. कुठल्याशा मिक्सरवर फुकट मिळालेला. इतकी वर्षं आई त्यात पापड ठेवायची. पापड काढले, ट्रे लावला, बटण दाबलं. फट्ट आवाज झाला, जळका वास आला आणि ओव्हन कायमचा थंड झाला. मी ट्रेवर झाकण ठेवलं आणि तो घेऊन थेट कोपऱ्यावरच्या बेकरीत गेले. दिवाळीत आम्ही सगळ्या बायका तिथेच नानकटाईचे ट्रे भाजून घेतो. मालकाने झाकण उचलून पाहिलं आणि हात जोडले. “बेटी, इसी भट्टी में सब की नानखटाई बनती है. नॉनव्हेज नहीं चलेगा.” बरोबरच होतं त्याचं. मी ट्रे घेऊन परत आले, किचनच्या ओट्यावर ठेवला आणि भोकाड पसरलं. चार वाजले होते. साडेसहाला ते येणार होते.

बाबा बाल्कनीतून उठून आले. तोच पेपर चौथ्यांदा वाचून झाला असावा. त्यांनी ट्रेमध्ये डोकावून पाहिलं. एक रताळं उचललं, दाबलं, परत ठेवलं.

“रडतेस कशाला? ही तर पोपटी आहे.”

पोपटी मी लहानपणी गावाला दोन-तीनदा खाल्ली होती. मडक्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, कोंबडी भरायची, तोंडाला भांबुर्डीचा पाला कोंबायचा, मडकं शेतात उलटं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंब घालायचा नाही. पाल्याच्या वाफेवर सगळं शिजतं.

“अहो, शेंगा कुठायत यात?” आई म्हणाली.

“शेंगा नाहीत तर नाहीत. सफरचंदं आहेत ना?” बाबांनी पायजम्यावर शर्ट चढवला. “मडकं पाहिजे. कोरडं. पाण्यातलं नको, तडकेल. चल गं.”

बाबांना इतक्या भराभर जिने उतरताना मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. त्यांच्यामागे धावताना माझी चप्पल दोनदा सुटली. आमच्या जवळच्याच पेणकरपाड्यात जुन्या घरांच्या ओळीत एक म्हातारी ओट्यावर सुकी मासळी निवडत बसली होती. बाबांनी मडकं मागितलं, कशाला तेही सांगितलं. तिने आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“आता कुठची पोपटी? वालाला अजून शेंग न्हाय.”

“शेंग न्हाय, पण पावनं हायत,” बाबा म्हणाले.

मी चमकून त्यांच्याकडे बघितलं. घरात ते असं कधीच बोलायचे नाहीत. म्हातारी हसली, आत गेली आणि काठ फुटलेलं एक काळं मडकं घेऊन आली. “ह्यो घ्या. काठ फुटलाय, पन पोपटीला चालतंय. भांबुर्डी तिकडं, बांधाला हाय. कवळी हाय अजून. वास बघून तोडा, न्हायतर भलताच पाला घालाल.” आम्ही बापलेक वाकून वाकून पाला हुंगत होतो, तेव्हा बाजूच्या सोसायटीतल्या दोन मुली आमच्याकडे बघून खिदळत होत्या. मीही खिदळले. बाबा म्हणाले, “हसतेस काय, उग्र वासाचा बघ,” आणि मग स्वतःच हसायला लागले.

आमच्या बिल्डिंगमागे मोकळा प्लॉट होता. शेजारी नवीन इमारत चालू असल्यामुळे लाकडाच्या फळकुटांना तोटा नव्हता. बाबांनी तळाला पाला घातला, त्यावर बटाटे, रताळी, कांदे, मग सॉसेज, मग सफरचंदं. प्रत्येक थरावर मीठ आणि ओवा. पेरू हातात घेऊन माझ्याकडे पाहिलं.

“हा कशाला?”

“छान दिसत होता.”

“घालू या,” म्हणाले आणि घातला. तोंडाला पाला ठासून मडकं उलटं केलं आणि पेटवलं. दुसऱ्या मजल्यावरून सेक्रेटरींनी ओरडून विचारलं, “अरे काका, होली तो मार्च में है ना?” बाबांनी नुसता हात हलवला. धूर सगळा माझ्या डोळ्यांत. फुंकर घालून घालून गाल, नाक, कपाळ, सगळीकडे काजळी. लग्नाआधीच तोंड काळं केलं म्हणतात ते हेच, असं आई वरून बघत म्हणाली. तिलाही हसू आवरत नव्हतं. उगाच, काहीही कारण नसताना, आम्हा तिघांना चढल्यासारखं झालं होतं.

आणि त्याच अवतारात मी असताना ते आले.

त्याच्या आईने फुलाफुलांचा फ्रॉक घातला होता, हातात केकचा डबा होता. तिने माझ्याकडे पाहिलं, धुराकडे पाहिलं. मी ठरवलं, आता बस्स.

“आंटी, मी थाप मारली. मला बेक करता येत नाही. ओव्हन आज पहिल्यांदा लावला आणि तो गेला. हे बाबा करतायत.”

एका दमात बोलून टाकलं. तो परत कुठे पंखा दिसतोय का बघत होता, पण वर नुसतं आभाळ होतं. त्याच्या आईने केकचा डबा त्याच्या हातात दिला, फ्रॉक सावरला आणि सरळ मडक्यासमोर उकिडवी बसली.

“आतमध्ये पाणी नाही घातलं?” तिने बाबांना विचारलं.

“थेंब नाही.”

“मग जळत कसं नाही?”

आयुष्यात इतका चांगला प्रश्न बाबांना कोणी विचारला नव्हता. पाला कसा लावायचा, जाळ कुठल्या बाजूने वाढवायचा, मडकं उलटंच का, सगळं त्यांनी सांगितलं, हातवारे करून, काठीने मातीत आकृती काढून. ती मधेमधे ‘अच्छा’, ‘मग?’ करत होती. त्याला त्यांनी दोनदा फळकुटं आणायला पिटाळलं आणि एकदा “असं नाही हो, आडवं ठेवा” म्हणून दटावलं. आई वरून खाली आली होती. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “मी वर टेबलावर चार पानं घेतलीत. यांचं ताट आत वेगळं वाढून ठेवलंय.” तिचा आवाज पडला होता. माझंही हसू गेलं. चार पानं. म्हणजे आम्ही चौघं बाहेर आणि बाबा आत, भिंतीकडे तोंड करून. त्यानंतर कसलं लग्न आणि कसलं काय.

बाबांनी मडक्यावर पाण्याचा शिपका मारला. चर्र झालं. “झाली!”

मग नुसती धांदल. गोणपाट ओलं केलं, त्याने एका बाजूने धरलं, बाबांनी दुसऱ्या. पोपटी वर न्यायला आईने केळीचं पान आणलं होतं, ते बाबांनी ओढून घेऊन तिथेच जमिनीवर पसरलं. पाला बाहेर ओढला आणि मडकं पानावर रिकामं केलं. एवढी वाफ आली की क्षणभर कोणी कोणाला दिसेना. सॉसेज फुटून त्यातलं लाल तेल बटाट्यांना, रताळ्यांना माखलं होतं. सफरचंदं मऊ होऊन बसली होती, कांद्यांचा रस पाघळत होता आणि ओव्याचा, पाल्याचा, सॉसेजमधल्या व्हिनेगरचा असा काही वास सुटला होता की दुसऱ्या मजल्यावरची खिडकी धाडकन बंद झाली.

“अहो, वर नेऊ या ना,” आई म्हणाली. “टेबलावर...”

“टेबलावर? पोपटी?” बाबा जवळजवळ ओरडलेच. “पोपटी ढिगाभोवती बसून खातात! बसा, बसा सगळे. गोल बसा. तुम्ही इकडे बसा, तिथे धूर येतोय.” हे त्याच्या आईला. “आणि तुम्ही काय उभे? बसा.” हे त्याला. सगळे बसले. मग पहिलं रताळं त्यांनी स्वतः उचललं, बोटं भाजत सोललं आणि त्याच्या आईच्या हातात दिलं. दुसरं सोललं. मांडी घातली. खाल्लं.

आईने माझा दंड इतका जोरात धरला की वळ उठला.

त्याच्या आईने सॉसेजचा तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि नुसतं “हं!” म्हणाली. बाबा खुलले. “ओवा. ओव्याशिवाय मजा नाही,” म्हणाले आणि आणखी एक घास घेतला. आपण कोणाच्या पंगतीला बसलोय, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. मग त्यांनी वर पाहिलं. बहुतेक माझ्या चेहऱ्याकडेच पाहिलं. त्यांचा जबडा हलायचा थांबला. मी, आई, तो, त्याची आई आणि मधोमध ते पान. त्यांनी एक हात जमिनीवर टेकला, उठायला.

“पानावरून उठायचं नसतं,” आई हळूच म्हणाली.

हे आम्हाला त्यांनीच शिकवलं होतं. फोन वाजो, दारावर कोणी येवो, भरल्या पानावरून उठलं की पाठीत धपाटा मिळायचा. बाबांनी आईकडे पाहिलं. मग माझ्याकडे, काजळीने माखलेल्या माझ्या तोंडाकडे, बराच वेळ. मला ओरडून म्हणावंसं वाटत होतं, बाबा, प्लीज, बसा ना.

त्यांनी टेकलेला हात उचलला, पायजम्याला पुसला. तोंडातला घास सावकाश चावला, गिळला. मग हात पुढे केला.

“विहीणबाई,” ते म्हणाले, “ते सफरचंद जरा सरकवा इकडे.”