मीटरबाईचा भागाकार

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गफूरभाईची चहाची शेगडी. दुपारी टेस्ट बोर्डाला लावली. बोर्डावर दोन काटे आहेत, एक व्होल्टचा, एक अँपियरचा. बायकोनं चष्मा सारखा केला, दोन्ही काटे वाचले आणि दुकानाच्या फळीवर खडूनं लिहिलं : १८० ÷ ६ =. तिथंच थांबली आणि खडू माझ्या हातात दिला. "आता तुमी लिहा." मी म्हणालो, "आधी जेवू." खडू खिशात टाकला.

ताडकळसमध्ये तिला सगळे मीटरबाई म्हणायचे. इस्त्री, कॉइलची शेगडी, पाणी तापवायचा रॉड, काहीही दुरुस्त होऊन जायचं असलं तर आधी तिच्यापुढून जायचं. सकाळी पूजा करून कपाळाला विभूती लावायची, ती बोटांना तशीच राहायची, आणि त्यावर दिवसभर खडू. तिची बोटं काळी झालेली मी पाहिली नाहीत. माझी गोरी झालेली तिनं पाहिली नाहीत.

ती दहावीपर्यंत शिकलेली. लग्नात भांड्यांच्या पेटीत तळाला विज्ञानाचं पुस्तक घालून आणलं होतं. माझी शाळा तिसरीत सुटली. हात मात्र चांगला चालायचा, म्हणून मी तिच्या पुस्तकाला हसायचो. "पुस्तकानं कॉइल बसत न्हाई," म्हणायचो. ती म्हणायची, "बसवा तुमी. बसलेली बरोबर हाय का, ते मी बघते."

तेव्हा ऐकलं असतं तर बरं झालं असतं. एका उन्हाळ्यात हाच गफूरभाई हीच शेगडी घेऊन आला. "चाय उकळतच न्हाई, भाई." लाइट डीम होती, कॉइल नुसती तांबूस दिसत होती. मी कॉइलचा तिसरा हिस्सा कापून टाकला. लालभडक झाली. गफूरभाई खूश, मी खूश. दोन दिवसांनी लाइट फुल आली आणि त्याच्या टपरीचा बोर्ड पेटला. वरची ताडपत्री गळून त्याच्या हातावर पडली.

मीटरबाईनं आधी गफूरभाईला दवाखान्यात नेलं, पट्टी करून आणलं. मग फळीवर लिहून दाखवलं. कॉइल होती तीस ओहमची, मी ती वीसवर आणली. फुल लाइटचे दोनशे चाळीस व्होल्ट, त्याला विसानं भागलं की बारा अँपियर. टपरीची वायर नवाच्या पुढं टिकणारी नव्हती. "कॉइल चांगली होती," ती म्हणाली. "लाइट कमी होती. तुमी चांगल्या जिवाला कापलं." शेगडीला तिनं माझ्याकडून पुन्हा तीस ओहमची कॉइल बसवून घेतली. गफूरभाईच्या हातावर भाजल्याचा डाग मात्र अजून आहे. चहा देताना दिसतो.

त्या दिवसापासून दुकानातून एकही वस्तू भागाकार झाल्याशिवाय गेली नाही. व्होल्टला अँपियरनं भागायचं, कॉइलचा अडथळा कळतो. दोघांचा गुणाकार करायचा, ताकद कळते, किती वॅट ते. गिऱ्हाईक घाई करायचं. "काकू, शाळा भरवायला का?" ती म्हणायची, "भरवायले. बसा मागच्या बाकावर."

मला शिकवायचा तिनं लय प्रयत्न केला. माझी चूक ठरलेली. मी काटा बघायचोच नाही, शेगडीच्या पट्टीवर कंपनीनं छापलेले दोनशे तीस व्होल्ट उतरवून घ्यायचो. आपल्याकडं रोज कुठले दोनशे तीस येतात? ती पदरानं पुसायची. "पट्टीवरचं न्हाई. आज काय आलंय ते लिहा." मी चिडून खडू टाकायचो. "तू हायस ना?"

दोन वर्षांपूर्वी तिच्या छातीत पहिल्यांदा कळ आली, तेव्हापासून ती मागंच लागली. "माझ्यामागं पुन्हा कुणाची टपरी पेटवू नका. एवढं एकच शिका." मी शिकलो नाही. खरं सांगतो, भागाकार येत नव्हता असं नाही, सातापर्यंतचे पाढे येतात मला. पण मला हिशेब आला की ही निर्धास्त होईल, आणि निर्धास्त झाली की जाईल, असं डोक्यात बसलं होतं. कुणाला सांगायची सोय नव्हती. तिला तर नाहीच.

त्या दुपारी जेवून ती आडवी झाली. दिवस मावळता कळ आली. जीपनं परभणीला न्यायला निघालो, पण परभणी यायच्या आधीच माझ्या खांद्यावर तिची मान पडली. दुसऱ्या दिवशी चारठाण्याचे तिचे भाऊ आले. आमच्या रिवाजाप्रमाणं कपाळाला विभूती लावून, बसवून तिला माती दिली. तिच्या बोटांना खडू होता. मी पुसू दिला नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं. लोकांना ते बरं वाटलं नाही. गफूरभाई धावत आला. "भाई, शेगडी ऱ्हाऊ द्या. घरी चला." मी म्हणालो, "बस मागच्या बाकावर."

फळीवर तिचं अक्षर होतं. १८० ÷ ६ =. पुढं रिकामं. ती ओळ परवाच्या लाइटची होती, म्हणून तिला हात लावला नाही. शेगडी बोर्डाला लावली आणि काटे वाचले. लाइट बरी होती, व्होल्ट दोनशे दहा, अँपियर सात. खिशातला खडू काढून तिच्या ओळीखाली लिहिलं. सात त्रिक एकवीस, वर शून्य. तीस. मग गुणाकार केला. दोनदा चुकलो, तिसऱ्यांदा आला. एक हजार चारशे सत्तर.

गफूरभाईला म्हणालो, "कॉइल चांगली हाय. कापायची न्हाई." शेगडी त्याच्या हातात दिली आणि फळीवरचं फक्त माझं पुसलं.